डाव्या हातातल्या बांगड्या

“हात ढिला सोड, बाई. आकडून ठेवला तं काच लागते.”

हे वाक्य ती दिवसातून पन्नास वेळा म्हणत असेल. समोरच्या बाईचा पंजा मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी असं काही दाबायची की हात लोण्यासारखा मऊ पडायचा, आणि पुढच्या क्षणी बांगडी मनगटात. बाईला कळायचंही नाही. नंतर कळायचं ते एवढंच, की बोलता बोलता आपण हिला घरातलं सगळं सांगून बसलो.

नाव सांगत नाही. तसंही तिच्या नावानं तिला कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. मुसलमान मोहल्ल्यातली ही चुडीवाली, आजूबाजूच्या वीसेक गावांची चाची. पाटलीणबाईंची चाची, पाटलीणबाईंच्या सुनेचीही चाची. डोक्यावर टोपली, पायात पुरुषी चपला, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. खर्रा खाऊ नका म्हणून आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर फलक होता, आणि ती नेमकी त्याच फलकाखाली बसायची.

नव्वदनंतरचा काळ. ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात, सरकारी दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीत मी बसायचो. मी वर्ध्याकडचा, चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा आणि भयंकर लाजाळू. बाईमाणसानं खिडकीत चिठ्ठी सरकवली की मी चिठ्ठीकडे बघूनच औषध द्यायचो. चाचीला हे पहिल्याच दिवशी कळलं.

“बाबू, मान मोडली का तुही?” ती म्हणाली. “वरतं पाह्य ना जरा. आमी काई वाघ नाई.”

तर या चाचीनं एकदा दुपारी गर्दी ओसरल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर कोपरं टेकवली आणि विचारलं, “ह्या लाल-पिवळ्या कॅप्सूल तू एकाच बाईले घडीघडी काऊन देऊन राह्यला?”

मी गडबडलो. पण तिचं खरं होतं. अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, लघवीला जळजळ, या तक्रारी घेऊन त्याच त्या बाया यायच्या. आमच्या डॉक्टरबाई तपासायच्या, सात दिवसांच्या चौदा कॅप्सूल लिहून द्यायच्या. बाई बरी व्हायची. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा हजर. मला वाटायचं, या कॅप्सूल अर्ध्यावर सोडत असतील. आपल्या शहाण्या माणसांची समजूत अशी असते की चूक समोरच्याचीच.

“नाई,” चाची म्हणाली. “बाया बरोबर खाते. म्या पाह्यलं हाये. मानसं मिरची तोडाले तेलंगणात जाते, घुग्घुसले कोयशाच्या ट्रकवर जाते. मानूस घरी आला का पंधरा दिवसानं बाईचं पोट दुखते. मानूस बाहेर असला तं बाई चांगली.”

शाळेची पायरी न चढलेल्या त्या बाईनं हे नुसतं मनगटं हातात धरून ताडलं होतं. मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी स्टूल पुढं सरकवलं आणि तिला सगळं नीट सांगितलं. याला क्लॅमिडिया म्हणतात. इथं तपासायची सोय नाही, म्हणून लक्षणं पाहून औषध द्यावं लागतं. हा जंतू नवरा-बायकोच्या संबंधातून पसरतो. कपड्यातून, मोरीतून, वांगी खाण्यातून नाही. पेशींच्या आत शिरून बसतो, म्हणून औषध पुरते सात दिवस हवं. पुरुषाला बहुतेक वेळा काहीच त्रास होत नाही, बाईलाही कित्येकदा होत नाही, आणि तो महिनोन्‌महिने मुक्काम ठोकून राहतो. तेवढ्यात बाईच्या गर्भनळ्या आतून चिकटल्या की मूल राहणं कठीण. म्हणून औषध दोघांना द्यायचं, एकाच वेळी, आणि ते सात दिवस दोघांनी दूर राहायचं.

चाचीनं खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला. “म्हंजे घुशीवानी. घूस आवाज करत नाई. भिंत पडते तवा समजते.”

डॉक्टरबाई म्हणाल्या, “अगदी तशीच.” पुढं त्या स्वतःही पेशंटला घुशीचंच उदाहरण द्यायला लागल्या.

बाहेर आल्यावर चाचीनं कामाची वाटणी करून टाकली. “बायायचं मी पाह्यतो. मानसायचं तू पाह्य.”

“मी? पुरुषांशी हे बोलू?”

“मंग काय मी बोलू? जोडे मारतीन मले!”

तिची बाजू जोरात चालली. टोपली घेऊन ओसरीत बसायची, चार बाया जमायच्या, आणि एकेकीचा हात धरून हळू आवाजात चौकशी चालायची. जिला गरज असेल तिला दवाखान्यात पाठवायची. बाहेर मात्र एक शब्द नाही. बांगडी फुटली तरी ती ‘फुटली’ म्हणायची नाही, ‘वाढली’ म्हणायची. कुठला शब्द कुठं काढायचा आणि कुठं गिळायचा, हे त्या धंद्यात अंगी मुरलेलंच असतं.

आता चौदा कॅप्सूल मोजत कशा खायच्या? कागदावर खुणा करून दिल्या तर कागद चुलीत जायचा. यावर चाचीनं तोडगा काढला. रोजच्या बांगड्यांवर ती बाईच्या उजव्या हातात सात हिरव्या बांगड्या घालायची, एक माप मोठ्या, सहज निघतील अशा. सकाळची कॅप्सूल झाली, संध्याकाळची झाली, की एक बांगडी उजव्या हातातून काढून डाव्या हातात. दूध पिऊन नाही, जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत. साती बांगड्या डावीकडे गेल्या की औषध संपलं. आणि उजव्या हातात एक जरी हिरवी उरली असेल तोवर नवऱ्यानं आपली खाट ओसरीत टाकायची.

मी तर खूश झालो. डॉक्टरबाईंनी डोक्याला हात लावला आणि हसल्या. दोन महिने मोठ्या मजेत गेले.

मग व्हायचं ते झालं. हातपंपावर पाणी भरताना हात सगळ्यांनाच दिसतात. एका लांब जिभेच्या बाईनं हिशेब लावला, की जिचा डावा हात भरत जातो तिला ‘ते’ आहे. झालं! बाया पदराखाली हात लपवू लागल्या, हिरव्या बांगड्या काढून फेकू लागल्या. तिघींनी औषध अर्ध्यावर सोडलं.

चाची खिडकीशी आली ती पडेल चेहऱ्यानं. तिला तसं मी कधी पाहिलं नव्हतं. “गलती झाली रे बाबू. बायायची इज्जत म्या चव्हाट्यावर मांडली.”

तीन दिवस ती फिरतीवर गेली नाही. चौथ्या दिवशी टोपली घेऊन थेट सरपंचीणबाईंच्या दारात. त्यांच्या डाव्या हातात तिनं डझनभर बांगड्या चढवल्या, उजव्या हातात फक्त चार.

“हे काय वं चाची? उजवा भुंडाच ठेवला?”

“नागपूरची फ्याशन हाये, बाई. तिथी आता दोनी हात सारखे ठेवनाऱ्या बायायले खेड्यातल्या म्हणते.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मॅडम. तिसऱ्या दिवशी ग्रामसेवकाची बायको. महिनाभरात आठवडी बाजारात दोन्ही हात सारखे असलेली बाई शोधावी लागायची. माझ्या घरमालकीणबाई साठीच्या, त्याही एक दिवस डावा हात खळखळवत चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “नवीन फ्याशन!” चहा माझ्या नाकात गेला. आता कोणाचा डावा हात कशानं भरलाय हे हातपंपावर कळायचा मार्गच उरला नाही.

माझी बाजू मात्र लंगडी होती, आणि ती कुंदाच्या प्रकरणात उघडी पडली.

कुंदा ही नदीकाठच्या एका गावातली धानाची शेती असलेल्या घरातली सून. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल नाही. नवरा हरिदास घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर, महिन्या-दीड महिन्यानं घरी यायचा. सासूनं सरळ सांगून टाकलं होतं, की धानकापणीपर्यंत वाट पाहू, नाही तर फारकती देऊ आणि दुसरी सून आणू. कुंदाला माहेरी कोण होतं? एक भाऊ, तोही भावजयीच्या मुठीतला. हे घर सुटलं असतं तर तिला दुसरं घर नव्हतं. हे ती चाचीला सांगताना रडलीही नाही म्हणे, नुसती हात पुढं करून बसून राहिली.

चाचीनं तिला डॉक्टरबाईंकडे आणलं. हरिदास गावी आला तेव्हा डॉक्टरबाईंनी त्यालाही चिठ्ठी लिहून दिली आणि नीट समजावण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. सहा फुटी गडी, पिळदार मिशा. खिडकीत उभा राहिला आणि विचारलं, “हे कायचं औषध हाये जी?”

मी मान खाली घालून चिठ्ठीकडे बघितलं. मी म्हणालो, “ताकदीचं.”

तुम्ही हसाल. हसा. पण चोविसाव्या वर्षी, मागं रांग उभी असताना, तशा मिशांसमोर तुमचीही बोबडी वळली असती.

दोन महिन्यांनी कुंदा पुन्हा आली. तीच तक्रार. तिच्यामागोमाग चाची आली, आणि यावेळी ती खिडकीशी थांबली नाही, सरळ दार ढकलून आत आली.

“काय सांगतलं होतं तू हरिदासले?”

मी सांगितलं.

“ताकदीचं! अरे, ताकदीचं म्हटल्यावर त्यानं चार दिवस खाल्लं अन बाकीचं दोस्तायले वाटलं ना! ताकद कोणी एकटा खाते का? अन दूर कायले राह्यते तो? ताकद आली म्हून त्यानं…” पुढचं तिनं जे सांगितलं ते मी इथं लिहू शकत नाही. “झूट बोलून दवाई देते का रे? त्या पोरीचं घर चाललं, अन तुले लाज वाटून राह्यली?”

मी चोवीस वर्षांत बापाचाही एवढा ओरडा खाल्ला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मग तीच जवळ आली, माझा हात बायांचा घेते तसा हातात घेतला आणि म्हणाली, “ढिला सोड. काई होत नाई. मानूसच हाये तो.”

पुढच्या खेपेला हरिदास आला तेव्हा मी त्याला दवाखान्यामागच्या मोहाच्या झाडाखाली नेलं. घामाघूम होत, अडखळत, पण सगळं खरं सांगितलं. आधी खोटं बोललो होतो हेही सांगितलं. तो म्हणाला, “मले तं काईच नाई होत जी. ना जळजळ, ना दुखणं.” मी म्हणालो, त्रास होत नाही म्हणूनच तर हे टिकून राहतं. त्याला घुशीची गोष्ट सांगितली. तो जमिनीकडे बघत मिशी कुरतडत राहिला. घुग्घुसच्या रस्त्यावरच्या ढाब्यामागं काय असतं ते त्यालाही माहीत होतं, मलाही.

“म्हंजे… म्याच देल्ली का तिले?”

मी मान हलवली. त्यानं कॅप्सूल घेतल्या. साती दिवस माझ्यासमोर येऊन सकाळची घ्यायचा, संध्याकाळची घरी. ट्रक सोडून आठ दिवस गावात थांबला. कुंदाच्या हातातल्या बांगड्या एकेक करून डावीकडे गेल्या. बिमारी गेली.

पण सासूला यातलं काय ठाऊक? धानकापणी झाली आणि तिनं ब्रह्मपुरीकडची एक मुलगी ठरवून टाकली.

त्यानंतरच्या रविवारी माझी पोलिओ डोसाची ड्यूटी त्याच गावात होती. खांद्याला लसीचा डबा लटकवून मी गल्लीतून चाललो होतो, तर चाची समोरून आली. कपाळावर आठ्या. “चाल माह्यासंगं.”

“ड्यूटी आहे.”

“तुही ड्यूटी तिथीच हाये.”

हरिदासच्या आईनं तिला बोलावणं धाडलं होतं, नव्या नवरीच्या चुड्याचं माप द्यायला. आम्ही अंगणात गेलो. हरिदास भिंतीला टेकून बसलेला. एका बाजूला कुंदा तांदूळ पाखडत होती, आणि तिच्या मागं तिची पत्र्याची पेटी कुलूप लावून तयार ठेवलेली. मी लसीचा डबा मांडीवर घेऊन बाजेच्या टोकाला बसलो.

सासूनं एक बांगडी पुढं केली. “हे माप. हिरवा चुडा पाह्यजे, चांगला दाट.”

चाचीनं बांगडी घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि जमिनीवर ठेवून दिली. “मी नाई भरत.”

चुडीवालीनं नवरीचा चुडा भरायला नाही म्हणणं आमच्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. तो अपशकुनच.

“काऊन?” सासूचा आवाज चढला. “काऊन नाई भरत?”

“मी नाई सांगत. माह्या सांगायचं नाई ते.”

चाचीला एका वाक्यात सगळं सांगता आलं असतं. मलाही आलं असतं. पण ओसरीतलं गुपित अंगणात आणायचं नाही हा तिचा नेम होता आणि त्या क्षणीही तिनं तो मोडला नाही. ती नुसती हरिदासकडे बघत बसली. मीही बघत बसलो. कुंदाचं सूप थांबलं होतं. माझ्या कपाळावरून घाम लसीच्या डब्यावर टपटपत होता.

हरिदास उठला. आवाज इतका बारीक, की सहा फुटांच्या माणसातून येतोय असं वाटेना.

“माय, बिमारी म्या आणली. घुग्घुसवरून. इचं काई नाई. आमी दोघायनं दवाई खाल्ली म्हून बरे झालो. पण जे झालं ते माह्यामुळं झालं.”

सासूनं कुंदाच्या हातातलं सूप हिसकलं आणि त्याला फेकून मारलं. तांदूळ अंगणभर. कोंबड्या धावल्या. ती शिव्या देत राहिली, मग दमून खाली बसली.

“अन त्या पोरीलेबी लागली असती?” तिनं विचारलं. म्हणजे ती ठरवलेली, ब्रह्मपुरीकडची.

“दवाई नसती खाल्ली तं तिलेबी,” हरिदास म्हणाला.

म्हातारीनं तांदळावरच्या कोंबड्या हुसकावल्या. शेवटी म्हणाली, “चाची, ते माप राहू दे. इचा हात पाह्य.”

कुंदानं हात इतका आकडून धरला होता की चाचीला पहिली बांगडी चढवायला तीनदा प्रयत्न करावा लागला. भरून झाल्यावर रीतीप्रमाणे कुंदा वाकून पाया पडली, आणि चाचीनं टोपलीत तोंड घालून काहीतरी शोधण्याचं नाटक केलं. मी रडलो. लपवलं नाही.

तुम्ही विचाराल, मूल झालं का? सगळेच विचारतात. नाही झालं. पुढं त्यांनी नागपूरला दाखवलं. नळ्या आधीच चिकटलेल्या होत्या. औषधानं जंतू मेला, पण जे बिघडलं होतं ते औषधाच्या हातचं नव्हतं. हरिदासनं ट्रक सोडून शेती धरली, कुंदा त्याच घरात राहिली. सासू शेवटी आजारी पडली तेव्हा तिचं सगळं कुंदानंच केलं.

चाचीला हे लागलं. “आपून उशिरा पोचलो, बाबू,” ती कितीदा तरी म्हणायची. त्यानंतर तिनं वाट बदलली. कोणाच्या घरी लग्न लागलं की पहिल्या चुड्यालाच बसून राहायची. काही त्रास झाला तर दोघांनी मिळून दवाखान्यात जायचं, हे नव्या नवरीला सांगायची, तिच्या सासूला सांगायची, आणि म्हातारी झाल्यावर धीट होऊन नवरदेवालाही सांगायची. कोणी जोडे मारले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी माझी बदली राजुऱ्याला झाली. सहा-सात वर्षांनी बदली होऊन परत आलो तेव्हा बसस्टँडवरच कळलं की चाची कधीच गेली. तापाचं निमित्त झालं, दोन दिवसांत संपलं. कब्रस्तानात जाऊन यावं असं फार वाटलं, पण तिची जागा दाखवणारं कोणी भेटलं नाही. मोहल्ल्यात घरही दुसऱ्याच कोणाचं झालेलं. मी खिडकीत जाऊन बसलो आणि कामाला लागलो.

त्यानंतर महिनाभरानं असेल. औषधही आता बदललं होतं, एकाच वेळी घ्यायचा डोस आला होता. भर बाजाराचा दिवस, खिडकीपुढं ही रांग. त्यात एक जोडपं उभं. हळद अजून नखांत. त्यानं दोघांच्या चिठ्ठ्या एकदम सरकवल्या आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “आमाले दोघायले द्या जी. दोघायले संगंच घ्यायची हाये.”

मी चिठ्ठ्यांवरून मान वर केली. विचारलं, “दोघांनी मिळून यायचं, हे कोणी सांगितलं तुम्हाला?”

“सांगाले कायले लागते?” तो म्हणाला. “आमच्या गावात असंच येते.”

“चुडीवाली चाची यायची का तुमच्या गावात?”

त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

“कोन चाची? आमाले नाई मालूम. लवकर द्या ना भाऊ, आरमोरीची बस सुटून राह्यली.”